हेतू आधी, ध्यान मागाहून

कोणतेही ध्यान कोणत्याही मनोव्यथेवर सारखेच लागू पडते, अशी जी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे, तिची कसोशीने छाननी जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत टानिया झिंगर यांच्या नेतृत्वाखाली झाली. सुमारे ३०० प्रौढांच्या या अभ्यासात तीन-तीन महिन्यांची मुदत मुक्रर करून तीन साधना शिकविण्यात आल्या : श्वास व देहसंवेदनांवर लक्ष ठेवण्याची, मैत्री व करुणा जोपासण्याची, आणि स्वतःच्या व इतरांच्या विचारांकडे तटस्थपणे पाहण्याची. पहिलीने अवधान, दुसरीने करुणा, तर तिसरीने परक्याचे मन जाणण्याची शक्ती वाढली.

परंतु साधकांना परीक्षकांपुढे भाषण व तोंडी हिशेब करावयास लावून जेव्हा त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजले, तेव्हा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्याची उसळी दुसऱ्या व तिसऱ्या साधनेनंतर लक्षणीय घटली. केवळ श्वासध्यानाने नव्हे. या दोहोंत रोज दोघांनी आळीपाळीने, एकाने मन मोकळे करावे व दुसऱ्याने निमूटपणे ऐकावे, अशी तजवीज होती. चारचौघांच्या नजरेचे भय त्यानेच ओसरले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे.

म्हणून अभ्यासात चित्त ठरत नसेल त्याने श्वासाकडे वळावे, मनात कटुता साचली असेल त्याने मैत्रीभावनेकडे, आणि सभेत ज्याची गाळण उडते त्याने एकांताबरोबरच विश्वासू सोबत्याशी असा नित्य संवादही साधावा. तीव्र मनोविकार असल्यास मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घ मौनशिबिरात दाखल होऊ नये.