मूकपटातले मुष्टियोद्धे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुष्टियुद्धाची चित्रफीत पहिल्यांदा पाहणाऱ्याला बहुधा हसू येतं. चावी दिलेल्या खेळण्यांसारखी दोन माणसं तुरुतुरु धावतात, हात कमरेपाशी सोडून मागे झुकतात, ठोसा मारतात न मारतात तोच एकमेकांच्या गळ्यात पडतात. हेच का ते जगज्जेते?

ती तुरुतुरु चाल त्यांची नव्हेच. तेव्हाचे कॅमेरे बरेचदा हाताने फिरवले जात आणि सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपत. बोलपटाची यंत्रं २४ चौकटी दाखवतात. जुनी फीत तशीच त्यांवर चढवली की तीन मिनिटांची फेरी दोन मिनिटांत उरकते. आता संगणकावर वेग दुरुस्त करता येतो, पण मूळ चौकटी वाढत नाहीत. चपळ जॅब दोन-तीन चौकटींतच येऊन जातो. म्हणून हाताच्या वेगावरून या मंडळींना जोखू नये. पाहायचे ते पाय, दोघांमधलं अंतर आणि ठोसा हुकल्यावर तोल कुठे जातो ते.

समोर दिसतंय ते खरं आहे का, हेही आधी विचारावं लागतं. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स लढले. इनॉक रेक्टरने ती लढत भर उन्हात चित्रित केली आणि शंभर मिनिटांहून लांब चित्रपट थिएटरांत लावला. फिलाडेल्फियाच्या सिग्मंड लुबिनने मात्र रेल्वेचे दोन हमाल उभे करून त्याच लढतीची नक्कल विकली! अस्सल फितीचा आज काही भागच शिल्लक आहे. चौदाव्या फेरीत ज्या ठोशाने कॉर्बेट कोसळला, तो पोटावर, बरगड्यांच्या खाली बसला होता.

मग येतात नियम. ३ सप्टेंबर १९०६ रोजी गोल्डफील्डला जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन ४२ फेऱ्या लढले, तेही वाळवंटातल्या उन्हात. कमरेखाली ठोसा मारल्याबद्दल नेल्सन बाद झाला. आजची जागतिक अजिंक्यपदाची लढत १२ फेऱ्यांची असते. गान्सच्या काळच्या इतक्या लांब लढतीत सतत नाचत राहणं म्हणजे स्वतःचाच घात. गान्स एक पाऊल कमी टाकतो, आखूड ठोसा मारतो, उरलेला वेळ प्रतिस्पर्ध्याला चुका करू देतो. आजच्या डोळ्यांना हा आळस वाटतो. खरं तर तो काटकसरीचा हिशेब आहे.

गळ्यात पडण्याचंही तसंच, आणि ते समजून घ्यायला जॅक जॉन्सनसारखा शिक्षक नाही. आज क्लिंच झाला की रेफरी बहुधा लगेच सोडवायला धावतो, तेव्हा मात्र लढतीचा मोठा भाग तिथेच होई. जॉन्सनचा उघडा तळवा समोरच्याच्या दंडावर असतो, म्हणजे ठोसा निघण्याआधीच अडतो. दुसरा हात मोकळा, आणि तो खालून अपरकट मारतो. ४ जुलै १९१० रोजी रीनोत पाच वर्षांच्या निवृत्तीनंतर परतलेला जिम जेफ्रीज याच पकडीत झिजत गेला. पंधराव्या फेरीत तो कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडला. कृष्णवर्णीय जगज्जेत्याचा हा विजय अनेक शहरांना पडद्यावर नको होता; १९१२ मध्ये तर अमेरिकी काँग्रेसने लढतींच्या फिती एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावरच बंदी घातली. त्याआधी, १९०८ मध्ये सिडनीत पोलिसांनी जॉन्सनची बर्न्सविरुद्धची लढत चौदाव्या फेरीत थांबवली, तेव्हा कॅमेरेही बंद झाले. म्हणजे जॉन्सनचं कसब जोखताना कुणी काय दाखवू दिलं नाही, तेही हिशेबात धरायला हवं.

जॅक डेम्प्सीचं उलट आहे. त्याच्याबाबत फीत फार सहज भुलवते. ४ जुलै १९१९ रोजी टोलीडोत त्याने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. पण खाली पडलेल्यापासून दूर, तटस्थ कोपऱ्यात जाण्याची सक्ती तेव्हा नव्हती. विलार्ड उठत असतानाच डेम्प्सी शेजारी सज्ज असे. सातातले काही ठोसे त्या मुभेच्या खात्यावर मांडले, तरी गुडघ्यांत वाकून, डोकं हलवत, आपल्याहून फूटभर नाही तरी पाच-सहा इंच उंच माणसाच्या आत शिरण्याची त्याची रीत आजही शिकवण्याजोगी आहे. १९२७ मध्ये शिकागोत टनीविरुद्धच्या त्याच्या लढतीत कोपऱ्याचा नियम लागू होता. टनी पडल्यावर डेम्प्सी तिथे जायला रेंगाळला, रेफरीची मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनी सावरला. दोन्ही फिती लागोपाठ पाहिल्या तर एका नियमाने डेम्प्सीचं केवढं नुकसान केलं ते कळतं.

हॅरी ग्रेबबद्दल एवढंही करता येत नाही. सुमारे ३०० लढती खेळलेल्या या पिट्सबर्गच्या गड्याची एकही लढत फितीवर उपलब्ध नाही. सापडते ती १९२५ मधली सरावाची थोडी दृश्यं. त्यांत तो कॅमेऱ्यासमोर थट्टा करतोय असंच वाटतं. तरी जाणकार त्याला थोरांत बसवतात आणि त्याला एक भक्कम आधार आहे: टनीच्या व्यावसायिक कारकिर्दीतला एकमेव पराभव, २३ मे १९२२, न्यूयॉर्क, ग्रेबच्या हातून. त्या टनीला खेळताना मात्र पडद्यावर पाहता येतं.