कार्ड दिसतं, तरी नेट नाही : सर्व्हरवरच्या नेटवर्क ड्रायव्हरचा माग

सर्व्हर सुरू होतो, पडद्यावर लॉगिन येतं, पण पिंगला उत्तर नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी ड्रायव्हरकडे जातो. जुना काढा, नवा टाका, रीबूट करा. कधीकधी तेवढ्यानं काम होतंही, पण बिघाड नेमका कुठे होता ते कळत नाही आणि पुढच्या कर्नल अपडेटला तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. लिनक्स सर्व्हरवर कार्ड ओळखलं जाण्यापासून पॅकेट बाहेर पडेपर्यंत ठरलेल्या पायऱ्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीची तपासणी करता येते. त्या क्रमानं तपासल्या, तर नवा ड्रायव्हर शोधण्याआधीच बहुधा कारण हाती लागतं.

हात लावण्याआधी

एसएसएचवरून काम करत असताना नेटवर्क ड्रायव्हर उतरवणं म्हणजे बसलोय तीच फांदी तोडणं. म्हणून आधी दुसरी वाट उघडून ठेवा. डेलच्या सर्व्हरवर आयड्रॅक, एचपीच्या सर्व्हरवर आयएलओ. त्यांचा कन्सोल सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून नसतो. तीही सोय नसेल, तर प्रयोगाआधी ‘शटडाउन -आर +१०’ द्या. संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी सर्व्हर आपोआप रीबूट होईल आणि फाइलमध्ये न लिहिलेले बदल पुसले जातील. सगळं ठीक राहिलं, तर ‘शटडाउन -सी’ देऊन ते रद्द करा. ड्रायव्हर काढून पुन्हा घालायचा असेल, तर दोन्ही आज्ञा एकाच ओळीत द्या. पहिली पूर्ण होताच दुसरी टाइप करायला संपर्क उरलेला नसतो.

पहिली पायरी : कार्ड दिसतंय का?

‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा पीसीआय बसवरची उपकरणं दाखवते. प्रत्येकापुढे दोन भागांचा क्रमांक असतो : पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. खोक्यावर काय छापलंय यापेक्षा हा क्रमांक महत्त्वाचा, कारण कर्नल याच्यावरूनच ड्रायव्हर निवडतो. कार्ड यादीतच नसेल, तर ड्रायव्हर बदलून काहीही होणार नाही. स्लॉटमध्ये ते नीट बसलंय का आणि बायोसमध्ये बंद केलेलं नाही ना, ते पाहा.

दुसरी पायरी : ड्रायव्हर जोडला गेलाय का?

त्याच यादीत कार्डाखाली दोन ओळी येतात. एकीत सध्या वापरात असलेला ड्रायव्हर, दुसरीत या कार्डाला चालू शकणारी मॉड्यूल्स. दोन्ही ओळी नसतील, तर बहुधा कर्नल कार्डापेक्षा जुना आहे. इंटेलच्या आय२२५ या अडीच गिगाबिटच्या चिपसाठी लागणारा आयजीसी ड्रायव्हर कर्नल ४.२० मध्ये आला. रिअलटेकच्या ८१२५ चिपची ओळख आर८१६९ ड्रायव्हरला ५.४ पासून झाली. इथे सरळ उपाय नवा कर्नल हाच.

मॉड्यूलची ओळ आहे पण वापरातल्या ड्रायव्हरची नाही, असं दिसलं तर ड्रायव्हर उपलब्ध आहे, पण जोडला गेलेला नाही. रिअलटेकच्या १०ईसी:८१६८ या कार्डावर हे वारंवार घडतं. कर्नलसोबत येणारा ड्रायव्हर आर८१६९, कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर आर८१६८. कंपनीचा ड्रायव्हर टाकताना आर८१६९ ला ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात काळ्या यादीत घालण्याची पद्धत आहे. पुढे कर्नल अपडेट होतो. बाहेरचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस करतं, पण नव्या कर्नलच्या हेडर फाइल्स नसतील तर बांधणी अडते. आर८१६८ तयार नाही, आर८१६९ ला मनाई, आणि कार्ड पोरकं. ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा ‘यूनेम -आर’च्या उत्तराशी ताडून पाहिली की हे लगेच दिसतं. सिक्युअर बूट चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेलं मॉड्यूल नाकारलं जातं. त्या वेळी मॉडप्रोब ‘की’ नाकारल्याचा संदेश देतो.

अपडेटनंतर नेट गेलं असेल, तर सगळ्यात उपयोगी चाचणी ग्रबच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडण्याची. तिथे कार्ड चाललं, तर केबल आणि हार्डवेअर दोन्हींवरचा संशय बराचसा दूर होतो.

तिसरी पायरी : फर्मवेअर मिळालं का?

काही कार्डांना सुरू होताना ड्रायव्हरकडून फर्मवेअरची फाइल लागते. डेलच्या पॉवरएज आर७१० मधली ब्रॉडकॉमची चिप आणि तिचा बीएनएक्स२ ड्रायव्हर हे याचं ठळक उदाहरण. फेब्रुवारी २०११ मधल्या डेबियन ६ ने असं मुक्त नसलेलं फर्मवेअर कर्नलमधून वेगळं केलं. त्यामुळे इन्स्टॉलेशन सुरू असतानाच नेटवर्क मिळेना, आणि फाइल पेनड्राइव्हवरून द्यावी लागे. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ फाइलच्या नावासकट दिसते. फाइल डिस्कवर असूनही तक्रार येत असेल, तर बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या इनिटरॅमएफएस या प्रतिमेकडे वळा. ड्रायव्हर तिथून लवकर लोड झाला आणि फर्मवेअर तिथे नसलं, तर फाइल सापडत नाही. डेबियन, उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ आणि रेड हॅटच्या कुळात ‘ड्रॅकट -एफ’ देऊन ती प्रतिमा नव्यानं बनवा.

चौथी पायरी : नाव तेच आहे का?

२०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून ईथ० ऐवजी ईएनपी३एस० अशी नावं आली. त्यातले आकडे बस आणि स्लॉटचे. त्यामुळे सर्व्हरमध्ये एखादं नवं कार्ड घातलं की बसचा क्रमांक सरकून जुन्या कार्डाचं नावही बदलू शकतं. कार्ड ठणठणीत, ड्रायव्हर जागेवर, पण आयपी पत्ता लिहिलाय त्या नावाचं आता कुणी नाही. ‘आयपी लिंक’ची यादी आणि कॉन्फिगरेशनमधलं नाव शेजारी ठेवून पाहा. नाव मॅक पत्त्याला बांधून ठेवलं, तर हा त्रास कायमचा मिटतो.

पाचवी पायरी : लिंक आहे का?

‘ईथटूल’ विचारण्याआधी इंटरफेस ‘अप’ करा. बंद इंटरफेसवर केबल उत्तम असली तरी लिंक नाही असंच उत्तर येतं, आणि भल्याभल्यांचा वेळ तिथे जातो. एक गिगाबिटच्या कार्डावर वेग १०० दिसत असेल, तर केबल बदला. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एक जोडी तुटली तरी लिंक १०० वर टिकून राहू शकते. इंटेलच्या दहा गिगाबिट कार्डांचा आयएक्सजीबीई ड्रायव्हर मान्यता नसलेलं एसएफपी मॉड्यूल मुळात स्वीकारतच नाही, आणि तसं लॉगमध्ये सांगतो.

सहावी पायरी : भार आल्यावर काय होतं?

दिवसभर नीट, रात्री बॅकअप सुरू झाला की बंद, अशी तक्रार असेल तर ‘डीमेसेज’मध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ शोधा. ड्रायव्हरनं पॅकेटं कार्डाकडे दिली, पण ठरलेल्या वेळेत ती गेल्याची पोच आली नाही, असा त्याचा अर्थ. ई१०००ई ड्रायव्हर याच प्रकाराला ‘हार्डवेअर युनिट हँग’ म्हणतो. ‘ईथटूल -के’ देताना ‘के’ मोठ्या लिपीतला वापरून टीएसओ, म्हणजे पॅकेटांचे तुकडे करण्याचं काम कार्डावर सोपवणारी सोय, बंद करून पाहा. फरक नसेल, तर ते पूर्ववत करा आणि मग पीसीआयची वीजबचत बूटच्या ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ लिहून थांबवा. दोन्ही एकदम केलं, तर कशानं गुण आला ते कधीच समजणार नाही.

लॉगमधलं नाव म्हणजे गुन्हेगार नव्हे

२००८ साली कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये इंटेलची ई१०००ई वर चालणारी कार्डं निकामी होऊ लागली. त्यांच्या कायम स्मृतीतली माहितीच बिघडत होती. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. तपासाअंती दोष निघाला एफट्रेस या कर्नलच्या माग काढणाऱ्या यंत्रणेत. मेमरीच्या ज्या पत्त्यावरचा मॉड्यूलचा कोड निघून गेला होता, तिथे ती अजूनही लिहू पाहत होती, आणि आता त्या पत्त्यावर कार्डाची स्मृती जोडलेली होती. २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद ठेवला गेला. त्या वेळी केवळ ड्रायव्हर बदलत बसलेल्याला हे सापडलं नसतं.

एवढं करूनही अडलं, तर मदत मागताना चार गोष्टी द्या : कर्नलची आवृत्ती, कार्डाचा पीसीआय क्रमांक, ‘ईथटूल -आय’नं दाखवलेली ड्रायव्हर व फर्मवेअरची आवृत्ती, आणि बिघाडाच्या क्षणाच्या आजूबाजूच्या लॉगमधल्या ओळी जशाच्या तशा. सर्व्हर रीबूट झालेला असेल, तर मागच्या बूटचा लॉग ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ देऊन मिळतो, मात्र जर्नल डिस्कवर साठवण्याची सोय आधीच चालू हवी. ती आजच, सगळं सुरळीत असताना, चालू करून ठेवा.