कोसबाडच्या आधीच्या अनुताई

अनुताई वाघ म्हटले की कोसबाडची टेकडी, वारली मुले आणि ताराबाई मोडक आठवतात. पण ताराबाईंबरोबर बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू झाले ते १९४५ मध्ये. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. त्याआधीच्या वर्षांकडे आपले लक्ष फारसे जात नाही. मला मात्र त्यांच्या पुढच्या कामाचे मूळ त्या वर्षांतच दिसते.

जन्म १७ मार्च १९१०चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. अशा मुलीचे उरलेले आयुष्य तेव्हा माजघरात आणि स्वयंपाकघरातच जायचे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवा-शिक्षणाच्या कामाला वीसहून अधिक वर्षे झाली होती, १९१६ पासून महिला विद्यापीठही होते. तरी त्या वाटेला लागणाऱ्या मुली थोड्याच.

अनुताई शिकल्या. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, उत्तीर्ण झाल्या आणि १९२९ मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदाही १९२९चाच. अनुताईंसाठी तो सहा वर्षे उशिरा आला.

नाशिक जिल्ह्यात चार वर्षे शिकवून त्या १९३३ मध्ये पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या. इथला काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. फायनलची परीक्षा मराठीतली. मॅट्रिकला इंग्रजीशिवाय गत्यंतर नव्हते. म्हणून दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः विद्यार्थिनी होऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. १९३७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. दिवसभराच्या कामानंतर पाटी हातात घेणाऱ्याची दमणूक त्यांनी स्वतः सोसली होती. पुढे आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेणाऱ्या कुरणशाळेच्या कामात त्या रमल्या, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

शिकणे तिथेही थांबले नाही. कोसबाडच्या कामाचा व्याप सांभाळत १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. पद्मश्री त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९८५ मध्ये आली.

ताराबाई-अनुताईंनी घडवलेली अंगणवाडी १९७५ नंतर एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेली. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यातही, बैहरकडच्या गोंड-बैगा वस्त्यांपर्यंत, ती आहे. तिथली एखादी सेविका अनुताईंसारखीच नोकरी आणि घर सांभाळून बारावीची किंवा बी.ए.ची परीक्षा देत असेल, तर परीक्षेच्या दिवसांत तिच्यावर जादा काम लादू नका. घरच्यांनी तिला रात्रीचे दोन तास मोकळे द्यावेत.