सोळा आवर्तनांची जाहिरात

हाउस संगीत १९८०च्या दशकात शिकागोच्या क्लबांत घडलं, ते रात्रभर नाचण्यासाठी. त्यातली एखादी उसळती रचना जाहिरातीमागे चालेल का? आधी गणित करावं. मिनिटाला १२८ ठोके, चार ठोक्यांचं एक आवर्तन. म्हणजे आवर्तन १.८७५ सेकंदांचं आणि सोळा आवर्तनं बरोबर ३० सेकंदांची. तीस सेकंदांच्या जाहिरातीशी किती देखणा मेळ! खरी परीक्षा मात्र निवेदकाच्या आवाजासोबत होते. बोलण्याची स्पष्टता बरीचशी १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर अवलंबून असते. सिंथेसायझरची झगमगती सुरावट तिथेच वाजत राहिली, तर शब्द झाकले जातात. म्हणून फक्त ड्रम आणि बेस असलेली वेगळी प्रत मागावीच. शेवटही हळूहळू विरणारा नको, ठोक्यावर थांबणारा हवा. संकलकाला शेवटचं दृश्य त्यावर नेमकं बसवता येतं.