खिशांतील चित्रसंग्रह

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील दरबारचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनीं घेतलेलीं राजवाड्यांचीं व सरदारांचीं चित्रें आज संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. नांदूरघाटच्या एखाद्या शेतकऱ्याची पणजी कशी दिसत होती, हें मात्र तिच्या पतवंडांस बहुधा ठाऊक नसतें. आतां काळ इतका पालटला आहे कीं, ज्या घरांत एक स्मार्टफोन आहे त्या घरांत छायाचित्रांची रासच पडलेली असते. पण ती उफणण्यास कोणासच सवड नाहीं.

चित्र कोणाचें, कोठलें, केव्हांचें व कशासाठीं घेतलेलें, हें सांगणारें माणूस जवळ आहे तोंवरच तें आपल्याशीं बोलतें. मुंबईच्या अनुषा यादव यांनीं २०१० सालीं ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ नांवाचा उपक्रम सुरू केला, त्यांत कुटुंबांतील जुन्या छायाचित्राबरोबर त्यामागची हकिकतहि मागविली. लग्न, फाळणी, परगांवची नोकरी अशा कितीएक गोष्टी त्यामुळें टिकून राहिल्या.

आमच्या जिल्ह्यास हें विशेष लागू आहे. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. मुलें कधीं आईबापांबरोबर कोपीवर, तर कधीं आजीजवळ किंवा वसतिगृहांत राहतात. त्या महिन्यांत दोहींकडून जीं चित्रें येतात-जातात, फडांतली मोळी, कोपीपुढची चूल, धाकट्याचा नवा दांत, तीं ओळीनें लावून खालीं दोन-दोन वाक्यें लिहिलीं, तर एका घराच्या एका हंगामाचें पुस्तक तयार होतें. कारखान्याच्या दफ्तरांत टनांचा हिशेब असतो. पौषांतल्या पहाटे कोयता हातीं घेऊन कोण उभें होतें, तें त्यांत नसतें.

विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चित्र घेतांना फोन दिनांक व वेळ आपण होऊन नोंदतो, व स्थळाची सोय चालू असेल तर ठिकाणहि. तेंच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीनें पाठविलें, तर तें लहान होतें व ही नोंद गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती राहते. माणसाचें नांव मात्र आपणांसच लिहावें लागतें.

एखाद्या रविवारीं आजोबांजवळ बसून तिफणीचें किंवा जुन्या नांगराचें चित्र त्यांस दाखवावें, आणि चाडें, फण, रुमणें, जूं, शिवळा हीं नांवें त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावींत. आपल्या विहिरीचें चित्र दर महिन्यास एकाच जागेवरून घ्यावें. पाण्याची पातळी आषाढांत कोठें होती व चैत्रांत कोठें गेली, हें वर्षाअखेर डोळ्यांपुढें येईल. एकाच प्रसंगाचीं वीस चित्रें असतील, तर त्यांतलें एक ठेवून बाकीचीं निःशंकपणें काढून टाकावींत. दुसऱ्याचें चित्र त्यास विचारल्यावांचून कोणासहि पाठवूं नये. विशेषतः मुलींच्या बाबतींत हा नियम घरांतल्या वडील माणसांनींहि पाळावा.

पालकांस विनंति इतकीच कीं, निवडक चित्रांची एक प्रत फोनाबाहेर ठेवावी. फोन विहिरींत पडतो, विकला जातो, आणि त्याबरोबर सगळें जातें. वर्षांतून दहा-बारा चित्रें कागदावर काढवून पाठीमागें शिसपेन्सिलीनें नांव व तारीख लिहिली, तर तो खर्च फार नाहीं.