कांजिण्या, नागीण आणि टॉमस वेलर

रोगांची नावे बहुधा शास्त्राच्या आधी जन्मतात, आणि नाव ठेवणाऱ्याने डोळ्यांस दिसले तेवढेच त्यांत नोंदविलेले असते. आपल्याकडील 'नागीण' हेच पहा. कमरेच्या वा छातीच्या एका अंगास पुरळाचा पट्टा उठतो व सरपटत पुढे जातो असे भासते, म्हणून ती नागीण. ग्रीक वैद्यांनी पसरत जाणाऱ्या पुरळास 'हर्पीस' म्हटले. तो शब्द सरपटणे या अर्थाच्या धातूपासून आला असून संस्कृत 'सृप्' हा त्याचाच सगोत्र होय. म्हणजे 'हर्पीस', 'सर्प' आणि आयुर्वेदातील 'विसर्प' हे एका कुळीचे शब्द. 'कांजिण्या' या शब्दाचा या कुळाशी काहीच संबंध नाही. आणि हा मुलांचा सौम्य विकार नागिणीहून अगदी वेगळा, अशीच सर्वसाधारण समजूत होती. या दोन्ही नावांमागे एकच विषाणू आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध करण्याचे श्रेय प्रामुख्याने टॉमस हकल वेलर (१९१५–२००८) यांच्याकडे जाते.

वेलर यांचा जन्म अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. वडील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. हार्वर्ड येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन, युद्धकाळात सैन्याच्या वैद्यकीय दलात काम करून, १९४७ मध्ये ते बॉस्टनच्या बालरुग्णालयात जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. कांजिण्यांचा विषाणू ऊतकसंवर्धनाने वाढवावा हा त्यांचा मानस. १९४८ च्या मार्चमध्ये त्यांनी मानवी भ्रूणाच्या ऊतकांच्या कुप्या सिद्ध केल्या. चार कुप्यांत कांजिण्या झालेल्या मुलांच्या घशाचे धावन घातले व चार तुलनेसाठी कोऱ्या ठेवल्या. उरलेल्या चारांत, हाताशी होता म्हणून, पोलिओचा विषाणू घातला. कांजिण्यांच्या कुप्यांतून काहीच निष्पन्न झाले नाही. पोलिओ मात्र वाढला! मज्जातंतूंच्या ऊतकाबाहेरही तो वाढू शकतो हे कळल्याने पोलिओच्या लशीचा मार्ग खुला झाला, आणि एंडर्स, वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ प्रश्न जिथल्या तिथेच होता.

तो त्यांनी सोडला नाही, यातच या संशोधकाचे खरे मोठेपण आहे असे मला वाटते. पुढे घशाचे धावन टाकून त्यांनी पुरळातील द्रव घेतला. तेव्हा अडचणीचे मर्म कळले: हा विषाणू पेशीबाहेरच्या द्रवात जवळजवळ उतरतच नाही, एका पेशीतून लगतच्या पेशीत शिरतो. म्हणून एका नळीतून दुसरीत द्रव नव्हे, तर बाधित पेशीच न्याव्या लागतात. १९५३ मध्ये कांजिण्या व नागीण या दोहोंपासून घेतलेले विषाणू अशा रीतीने पिढ्यानपिढ्या वाढविल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. दोहोंमुळे पेशिकेंद्रात सारखेच बदल घडत होते. एका रोगाच्या रुग्णाची लस, म्हणजे रक्तद्रव, दुसऱ्याच्या विषाणूशी जुळत होती. नागीण झालेल्या प्रौढाच्या घरातील मुलांस कांजिण्या येतात, ही हंगेरीतील बोकाय यांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची नोंद अशा रीतीने सार्थ ठरली.

बालपणी कांजिण्या बऱ्या झाल्यावर हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गंडिकांत सुप्त राहतो व प्रतिकारशक्ती क्षीण झाली की एखाद्या तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो, ही उपपत्ती इंग्लंडमधील एक व्यवसायी डॉक्टर होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये विस्ताराने मांडली. तो तंतू शरीराच्या एकाच अर्ध्या भागात पसरलेला असतो. विळखा पुरा होऊन तोंड शेपटीस मिळाले की रोगी दगावतो, या आपल्याकडील समजुतीने कित्येकांची झोप उडविली आहे; परंतु पट्टा सहसा पाठीचा कणा ओलांडतच नाही. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कांजिण्यांच्या लशीतील 'ओका' वाण पुढे नागिणीच्या पहिल्या लशीतही, अधिक मात्रेत, वापरण्यात आला.

वेलर यांचे दुसरे कार्य याहून कमी परिचित आहे. एका आजारी अर्भकाच्या यकृताच्या तुकड्यात त्यांना टॉक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी सापडण्याची अपेक्षा होती. सापडला तो याच हर्पीस कुळातील एक विषाणू. मार्गरेट स्मिथ व वॉलेस रो यांनाही तो त्याच सुमारास स्वतंत्रपणे मिळाला. पूर्वी त्यास लालाग्रंथींचा विषाणू म्हणत. हे नाव दिशाभूल करणारे होते, कारण तो सर्व शरीरभर आढळतो. वेलर यांनी १९६० मध्ये 'सायटोमेगॅलोव्हायरस' हे नाव सुचविले: पेशी फुगविणारा विषाणू. (पहिली दोन पदे ग्रीक, शेवटचे लॅटिन. आणि यातही नोंद आहे ती दिसले त्याचीच. फक्त पाहिले ते सूक्ष्मदर्शकातून.) गर्भवतीस त्याची बाधा झाल्याचे अनेकदा कळतही नाही, परंतु गर्भास ती पोहोचली तर मूल बहिरे वा मतिमंद होऊ शकते, आणि जन्मतः निरोगी दिसणाऱ्या बालकाचे ऐकणे पुढे हळूहळू मंदावू शकते. बाधित बालकांच्या मूत्रातून हा विषाणू दीर्घकाळ बाहेर पडत राहतो, हेही वेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. १९८१ पर्यंत ते हार्वर्ड येथे उष्णकटिबंधीय आरोग्य विभागाचे प्रमुख होते. कांजिण्यांवर लस आली, नागिणीवरही आली. या तिसऱ्या विषाणुरोगावर मात्र मान्यताप्राप्त लस अद्याप नाही.