चेतापेशी म्हणजे तार नव्हे

मज्जातंतू म्हणजे शरीरातले वायरिंग आणि त्यातून विजेच्या वेगाने संदेश धावतात, हा समज फार रुळला आहे. १८५० मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर हा वेग प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो सेकंदाला ३० मीटरच्या आसपास भरला. तोवर, त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांच्यासह अनेकांना तो मोजण्यापलीकडचा वाटत होता. माणसात मायलिनचे आवरण असलेल्या जाड तंतूंत संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूंत जेमतेम एक मीटर. म्हणूनच पायाचे बोट उंबऱ्याला आपटले की आधी आपटल्याचे कळते, ठणका मागाहून येतो.

मुळात हा तारेतला प्रवाहच नव्हे. चेतापेशी ही जिवंत पेशी. केंद्रक असलेली पेशीकाय, संदेश घेणाऱ्या वृक्षिका आणि संदेश नेणारा एक अक्षतंतू अशी तिची रचना. कमरेपासून पावलापर्यंत उतरणारा एकच अक्षतंतू मीटरभर लांब असू शकतो! विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना मिळताच पटलातले मार्ग उघडतात, सोडिअमचे आयन आत घुसतात, मागोमाग पोटॅशिअमचे बाहेर पडतात आणि हेच पुढच्या टप्प्यावर पुन्हा घडते. संदेश वाटेत नव्याने घडत जातो, म्हणून तो क्षीण होत नाही. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकूलच्या जातीतल्या प्राण्याच्या, जाड अक्षतंतूवर हे गणितासह मांडले.

जोरात लागले की संदेशही मोठा जातो, हेही खरे नाही. प्रत्येक स्पंद तेवढाच असतो. ते अधिक भराभर सुटतात, इतकेच.

सर्वांत जास्त माणसे पोळली ती मात्र ‘कुष्ठरोगात बोटे झडतात’ या समजाने. या रोगाचे जंतू अक्षतंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींत घर करतात. मज्जातंतू निकामी होतो आणि वेदना कळेनाशी होते. मग तापलेले भांडे हातात राहते, खडा टोचला तरी चालणे थांबत नाही, जखमा चिघळतात आणि हाडे झिजत जातात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे बारकाईने दाखवून दिले. रोग बोटे खातो असे मानून घराबाहेर काढलेल्या माणसांसाठीच बाबा आमट्यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावे लागले.

तुटलेला मज्जातंतू कधीच वाढत नाही, हे अर्धसत्य आहे. मेंदू आणि मज्जारज्जूत ही वाढ जवळजवळ होत नाही. हातापायांत मात्र श्वान पेशींच्या आधाराने अक्षतंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकू शकतो. कुष्ठरोगात त्या पेशींवरच घाला पडतो. जंतू औषधाने मरतात, पण हरवलेली संवेदना परत येईलच असे नाही. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात.